रक्तवाढीचं इंजेक्शन : किती दिलं की पुरे?

या मालेत आपण एरवी लढाया, किल्ले आणि मोहिमा यांच्याबद्दल बोलतो. आजचा इतिहास एका छोट्या कुपीचा आहे. तिच्यात जेमतेम एक मिलिलिटर पाण्यासारखं औषध असतं. किडनीच्या रुग्णांच्या घरी तिला 'रक्तवाढीचं इंजेक्शन' म्हणतात. डॉक्टर 'एरिथ्रोपोएटिन' म्हणतात, थोडक्यात 'ईपीओ'.

हा विषय घ्यायला कारण घडलं इंदूरहून आलेल्या एका प्रश्नाचं. एका भगिनींनी विचारलं की त्यांच्या यजमानांचं डायलिसिस चालू आहे, या इंजेक्शनामुळे हिमोग्लोबिन 8 वरून 11.8 वर आलं, घरात सगळ्यांना हायसं वाटलं, आणि नेमका तेव्हाच डॉक्टरांनी डोस कमी केला. लॅबच्या कागदावर तर पुरुषांचं हिमोग्लोबिन 13 ते 17 असावं असं छापलेलं आहे. मग औषध चांगलं लागू पडत असताना हात आखडता का घेतला? खर्च वाचवायला?

मी डॉक्टर नाही. तोफखान्यात नोकरी केली, त्याआधी इतिहास घेऊन पदवी घेतली, आणि निवृत्तीनंतर तोच नाद लागला. पण आमच्या जुन्या पलटणीतले एक सुभेदार साहेब आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, तेव्हा हे औषध मी जवळून पाहिलेलं आहे. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांच्या इतिहासात आहे, आणि ते उत्तर मिळायला बरीच माणसं खर्ची पडली आहेत. म्हणून ते नीट, क्रमाने सांगतो.

उंचीवरचं रक्त

लेहला पहिल्यांदा विमानातून उतरलेल्या जवानाला सामान उचलू देत नाहीत. साडेअकरा हजार फुटांवर हवा विरळ असते, जिना चढला तरी धाप लागते. म्हणून फौजेचा नियम आहे : पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, त्याहून वर गेलं की पुढच्या टप्प्यावर चार दिवस, आणि आणखी वर गेलं की पुन्हा चार दिवस शरीराला सवय होऊ द्यायची. पहिले दोन दिवस तर निव्वळ विश्रांती. नव्या पोरांना कंटाळा येतो, पण त्या दिवसांत शरीर आतून कामाला लागलेलं असतं. त्यातलं एक काम म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवण्याची तयारी.

हे पहिल्यांदा मोजून दाखवलं फ्रान्सच्या फ्रान्स्वा व्हिओ या डॉक्टरांनी, 1890 साली. ते दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या मोरोकोचा या खाणीच्या गावी गेले. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार मीटर उंच. खाली लिमा शहरात असताना त्यांच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे 50 लाख तांबड्या पेशी होत्या. वर तीन आठवडे राहिल्यावर तो आकडा 80 लाखांच्या घरात गेला.

आता प्रश्न असा की अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गराला, कळलं कसं की वर प्राणवायू कमी आहे? हाडाला तर नाक नाही. कुणीतरी हुकूम पोचवत असणार.

1906 साली पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि त्यांच्या सहकारी देफ्लांद्र यांनी त्या हुकमाचा माग काढायचा प्रयत्न केला. त्यांनी एका सशाचं रक्त काढून त्याला अशक्त केलं, मग त्याच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्या धडधाकट सशाला टोचलं. दुसऱ्या सशाच्या तांबड्या पेशी वाढल्या असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे हुकूम रक्तातून फिरतो, तो एक पदार्थ आहे. कल्पना अगदी बरोबर होती. पण इतरांनी तोच प्रयोग केला तर कधी जमे, कधी जमत नसे. पुढची चाळीसेक वर्षं हा विषय अर्धवट पडून राहिला.

याच काळात पेरूमधूनच एक इशारा आला होता. लिमाचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी 1925 साली अशा माणसांचं वर्णन केलं की जी वर्षानुवर्षं उंचावर राहत होती आणि ज्यांचं रक्त गरजेपेक्षा फार जास्त दाट झालं होतं. ओठ निळे-जांभळे, डोकं सतत जड, कानात आवाज, दम लागलेला. त्यांना खाली आणलं की ती बरी होत. रक्त वाढणं चांगलं, पण त्यालाही मर्यादा आहे, हे निसर्गाने तेव्हाच दाखवून दिलं होतं. सियाचीन-लडाखकडे दीर्घकाळ राहिलेल्या फौजींनाही हे वेगळं सांगावं लागत नाही. थंडी, कमी पाणी पिणं आणि दाट झालेलं रक्त एकत्र आलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती असते. आमचे रेजिमेंटल डॉक्टर 'पाणी प्या, पाणी प्या' म्हणून मागे लागायचे ते त्यासाठीच.

हुकूम निघतो कुठून?

1950 साली कर्ट राइसमन यांनी दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना असे जोडले की दोघांचं रक्त एकमेकांत मिसळेल. मग एकालाच विरळ हवेत श्वास घ्यायला लावला. दुसरा साध्या हवेत होता, तरी रक्तनिर्मिती दोघांच्याही मज्जेत वाढली. म्हणजे हुकूम रक्तातूनच जातो याबद्दल शंका उरली नाही. तीन वर्षांनी अ‍ॅलन अर्स्लेव्ह यांनी सशांवर तोच मुद्दा पक्का केला. कार्नोंच्या मानाने त्यांनी कितीतरी जास्त प्लाझ्मा टोचला, आणि परिणाम खणखणीत दिसला.

हुकूम देणारं मुख्यालय कोणतं, हे 1957 साली शिकागो विद्यापीठात लिऑन जेकबसन, युजीन गोल्डवासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. त्यांनी प्राण्यांचा एकेक अवयव काढून पाहिला. पिट्यूटरी काढली, हुकूम येतच राहिला. प्लीहा काढली, तरी येत राहिला. दोन्ही किडन्या काढल्या, आणि हुकूम थांबला.

किडनी म्हणजे लघवी गाळणारी चाळणी, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण रक्तात प्राणवायू किती पोचतोय यावर लक्ष ठेवणारी चौकीही तीच आहे. प्राणवायू कमी पडला की ती एरिथ्रोपोएटिन सोडते आणि मज्जा कामाला लागते. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात आणि एक पेशी साधारण 120 दिवस जगते. हे दोन आकडे ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

किडनी निकामी झालेल्या माणसाचा चेहरा पांढुरका का पडतो, याचं उत्तर इथे मिळालं. डायलिसिसचं मशीन चाळणीचं काम करतं. चौकीचं काम ते करू शकत नाही.

अडीच हजार लिटर

आता तो पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती यायला हवा होता. गोल्डवासर यांनी 1950 च्या दशकात काम हाती घेतलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, थोड्या महिन्यांत उरकेल. त्यांना वीसहून जास्त वर्षं लागली. बरीच वर्षं ते रक्त कमी केलेल्या मेंढ्यांच्या प्लाझ्मातून थेंब थेंब गोळा करत होते. पदार्थ इतका सूक्ष्म प्रमाणात असतो की शुद्ध करता करता हातातून निसटायचा.

मदत आली जपानहून. कुमामोतो विद्यापीठातले डॉक्टर ताकाजी मियाके यांच्याकडे अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचे रुग्ण होते. या आजारात अस्थिमज्जाच काम करेनाशी होते. किडनी बिचारी हुकमावर हुकूम पाठवत राहते, पण ऐकायला शिपाईच नसतात. त्यामुळे या रुग्णांच्या रक्तात एरिथ्रोपोएटिन भरपूर असतं आणि ते लघवीतूनही बाहेर पडतं. मियाके यांनी अशा रुग्णांची 2550 लिटर लघवी जमवली, आटवली, सुकवली. 1975 च्या डिसेंबरात ते शिकागोच्या एका हॉटेलात गोल्डवासर यांना भेटले आणि रेशमी रुमालात बांधलेलं ते पुडकं त्यांनी अदबीने त्यांच्या हाती दिलं. 1977 साली शुद्ध मानवी एरिथ्रोपोएटिन मिळाल्याचं जाहीर झालं. अडीच हजार लिटरमधून हाती लागले मोजके मिलिग्रॅम.

या इतिहासातली ही जागा मला फार लागते. ज्यांच्यापासून औषधाचा धागा मिळाला त्या कुमामोतोच्या रुग्णांना स्वतःला त्या औषधाचा उपयोग होणार नव्हता. त्यांच्याकडे ते आधीच ओसंडून वाहत होतं. त्यांची नावं कुठल्याही स्मारकावर नाहीत. गोल्डवासर यांनीही त्या शोधाचं पेटंट घेतलं नाही.

पुढचं काम नव्या जैवतंत्रज्ञानाने केलं. अमेरिकेतल्या अ‍ॅमजेन कंपनीत मूळचे तैवानचे असलेले फू-कुएन लिन यांनी माणसाचं एरिथ्रोपोएटिनचं जनुक वेगळं काढलं. ते 1985 साली प्रसिद्ध झालं. ते जनुक हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घातलं की त्या पेशी मानवी एरिथ्रोपोएटिन बनवू लागतात. आता लघवीची गरज उरली नाही.

औषध आलं

त्याआधी डायलिसिसच्या रुग्णाला एकच आधार होता, दुसऱ्याचं रक्त चढवणं. हिमोग्लोबिन 6-7 वर घुटमळायचं. पुन्हा पुन्हा रक्त चढवल्याने शरीरात लोह साचायचं, काविळीची लागण व्हायची. शिवाय परक्या रक्ताविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायची, आणि पुढे किडनी बसवायची वेळ आली तर ती जुळणं अवघड व्हायचं.

अमेरिकेत सिएटल आणि इंग्लंडमध्ये लंडन-ऑक्सफर्ड इथे 1985-86 मध्ये पहिल्या चाचण्या सुरू झाल्या. सिएटलच्या एशबाख आणि अ‍ॅडमसन यांच्या गटाने 1987 च्या जानेवारीत 25 रुग्णांचा अनुभव छापला. ज्यांना नियमित रक्त चढवावं लागे त्यांची ती गरज संपली. भूक लागली, थंडी वाजेनाशी झाली, माणसं कामावर जाऊ लागली. 1 जून 1989 रोजी अमेरिकेच्या औषध नियामकांनी मान्यता दिली. एवढं मोठं यश औषधांच्या इतिहासात रोज मिळत नाही.

पण त्याच पहिल्या चाचण्यांत तीन गोष्टी दिसल्या होत्या : काहींचा रक्तदाब वाढला, काहींना फिट आली, आणि काहींची डायलिसिससाठी हातावर केलेली फिस्टुला गुठळी होऊन बंद पडली. मोंगे यांनी पेरूत पाहिलेलं दाट रक्त इथे पुन्हा भेटत होतं. पण यशाच्या उत्साहात हा इशारा मागे पडला.

ज्यांना आजार नव्हता त्यांनी टोचून घेतलं

औषध दुकानात आलं आणि सायकल शर्यतींच्या तंबूतही पोचलं. तांबड्या पेशी जास्त म्हणजे प्राणवायू जास्त, म्हणजे चढावर दम जास्त. ऑलिम्पिक समितीने 1990 साली त्यावर बंदी घातली, पण ओळखायची चाचणी सिडनी ऑलिम्पिकपर्यंत, म्हणजे 2000 पर्यंत, हाती नव्हती. मधल्या काळात सायकल महासंघाने 1997 साली एक आडवळणाचा नियम केला : रक्तातला पेशींचा वाटा 50 टक्क्यांच्या वर आढळला तर शर्यतीतून बाहेर. पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये एका संघाच्या गाडीत सीमेवर औषधांचा साठा सापडला आणि भांडं फुटलं. लान्स आर्मस्ट्राँग यांनी 2013 साली दूरचित्रवाणीवर कबुली दिली ती याच औषधाची.

शर्यतीची गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली की रक्त दाट होण्याचा धोका सायकलवाल्यांनाही कळला होता. पण रुग्णालयात मात्र गाडी उलट्या दिशेने निघाली होती.

आकडा वर सरकत गेला

नव्वदच्या दशकात विचार असा होता : हिमोग्लोबिन 7 वरून 10 वर नेल्याने एवढा फायदा झाला, तर 13-14 वर, म्हणजे निरोगी माणसाइतकं नेलं तर आणखी फायदा होईल. तर्क सरळ वाटतो. इंदूरच्या ताईंचाही तोच तर्क आहे, आणि तो जगभरच्या तज्ज्ञांचाही होता.

पहिली मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. डायलिसिसवर असलेले आणि हृदयविकारही असलेले 1233 रुग्ण घेतले. अर्ध्यांचा पेशींचा वाटा 42 टक्के ठेवायचा, म्हणजे जवळपास निरोगी माणसाइतका. उरलेल्यांचा 30 टक्के, म्हणजे हिमोग्लोबिन साधारण 10. चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली. 1998 साली निकाल छापला तेव्हा 'निरोगी' आकड्याच्या गटात 183 मृत्यू होते, कमी आकड्याच्या गटात 150. फिस्टुला बंद पडण्याचं प्रमाणही पहिल्या गटात जास्त.

लष्करात अशा वेळी म्हणतात, टेहळणी चौकीचा अहवाल आला आहे, आता आगेकूच थांबवा. पण तसं झालं नाही. हे रुग्ण आधीच फार आजारी होते, डायलिसिसच्या आधीच्या रुग्णांना फायदा होईल, असं म्हटलं गेलं. मागे पैशाचं गणितही होतं. अमेरिकेत सरकारी विमा या औषधाचे पैसे डायलिसिस केंद्रांना वापरलेल्या मात्रेनुसार वेगळे देत असे. जितकं जास्त टोचलं तितकी मिळकत जास्त. सगळे डॉक्टर पैशासाठी डोस वाढवत होते असं माझं म्हणणं नाही. पण ज्या व्यवस्थेत जास्त देण्याला बक्षीस असतं, तिथे 'कमी करा' म्हणणारा आवाज बारीकच राहतो.

मग 2006 साली एकाच दिवशी दोन चाचण्यांचे निकाल आले. अमेरिकेतल्या चाचणीत डायलिसिस सुरू न झालेले 1432 किडनी रुग्ण होते. एका गटाचं लक्ष्य 13.5, दुसऱ्याचं 11.3. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात दाखल होणं आणि पक्षाघात यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण वरच्या गटात 125, खालच्या गटात 97. युरोपातल्या चाचणीत 603 रुग्ण होते, तिथेही आकडा वर नेल्याने हृदयाचं रक्षण झालेलं दिसलं नाही.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा निकाल 2009 चा. मधुमेह आणि किडनीचा आजार असलेले 4038 रुग्ण. अर्ध्यांना या जातीचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन, डार्बेपोएटिन, 13 चं लक्ष्य ठेवून. उरलेल्यांना नुसतं पाणी, आणि हिमोग्लोबिन 9 च्या खाली गेलं तरच औषध. औषधाच्या गटात 101 जणांना पक्षाघात झाला, पाण्याच्या गटात 53 जणांना. जवळजवळ दुप्पट. न्यायाने दुसरी बाजूही सांगतो : रक्त चढवावं लागलेले रुग्ण औषधाच्या गटात 297 होते, पाण्याच्या गटात 496. म्हणजे औषध त्याचं मूळ काम करतच होतं. घात केला तो गाठायला धरलेल्या आकड्याने, आणि तो गाठण्यासाठी दिलेल्या मोठ्या मात्रांनी.

अमेरिकेच्या नियामकांनी 2007 साली या औषधांवर काळ्या चौकटीतला कडक इशारा छापायला लावला आणि 2011 साली सूचना आणखी घट्ट केल्या : हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तरच सुरुवातीचा विचार, डायलिसिसच्या रुग्णात 11 कडे पोचू लागलं की मात्रा कमी करा किंवा थांबवा, आणि रक्त चढवणं टळेल एवढीच किमान मात्रा द्या. त्याच वर्षापासून सरकारी विम्याने औषधाचे वेगळे पैसे देणं बंद करून डायलिसिसचं एकत्रित शुल्क ठरवलं. 2012 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की सर्वसाधारणपणे 11.5 च्या वर नेऊ नये आणि 13 च्या वर मुद्दाम कधीच नेऊ नये.

तर ताई, तुमच्या यजमानांचं 11.8 पाहून डॉक्टरांनी डोस कमी केला तो या सगळ्या माणसांच्या अनुभवावरून. लॅबच्या कागदावरचा 13 ते 17 हा आकडा निरोगी पुरुषाचा आहे. निरोगी शरीर तो आकडा स्वतः राखतं, क्षणाक्षणाला कमीजास्त करतं. इंजेक्शन एकदा टोचलं की ते परत घेता येत नाही.

एका रबरी बुचाची गोष्ट

सुरक्षिततेचा आणखी एक धडा युरोपात मिळाला. 1998 साली तिथे विकल्या जाणाऱ्या एका ब्रँडमधून मानवी अल्ब्युमिन काढून टाकण्यात आलं. त्या काळात 'मॅड काऊ' आजाराची धास्ती होती, म्हणून मानवी रक्तातून येणारा घटक नको, असा हेतू होता. त्याजागी दुसरं स्थिरक घातलं. पुढच्या तीन-चार वर्षांत काही रुग्णांत विचित्र प्रकार दिसू लागला. औषध चालू असूनही हिमोग्लोबिन कोसळलं. त्यांच्या शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं बनवली होती, आणि ती स्वतःच्या उरल्यासुरल्या एरिथ्रोपोएटिनलाही नष्ट करत होती. मज्जेत तांबड्या पेशी बनणंच थांबलं. 2002 साली फ्रेंच डॉक्टरांनी अशा 13 रुग्णांची नोंद छापली, मग इतर देशांतूनही रुग्ण पुढे आले. बहुतेकांना इंजेक्शन कातडीखाली दिलेलं होतं. तपासात रबरी बुचातून झिरपणाऱ्या द्रव्यांवर आणि औषधाच्या साठवणुकीवर संशय गेला. बुचाला लेप दिला, शिरेतून देण्यावर भर दिला, थंड साखळीवर कडक नजर ठेवली, आणि रुग्णसंख्या झपाट्याने उतरली.

लहान बदल, हेतू चांगला, परिणाम गंभीर. आपल्याकडे हे औषध आता अनेक भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे ते पुष्कळ रुग्णांच्या आवाक्यात आलं ही मोठीच गोष्ट आहे. पण म्हणूनच कुठल्या कंपनीचं, कुठल्या बॅचचं इंजेक्शन दिलं हे लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे. दर वेळी दुकानदार देईल ते घ्यायचं, असं करू नये.

हा इतिहास घरी कसा वापरायचा

हे डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, त्या सल्ल्याला साथ म्हणून सांगतो.

पहिलं, कुमक आधी तपासा. इंजेक्शन हा हुकूम आहे, पण पेशी बनवायला लोह लागतं, बी-12 आणि फोलिक अ‍ॅसिड लागतं. गोदाम रिकामं असेल तर हुकूम वाढवून उपयोग नाही. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळाने लोहाच्या तपासण्या होतात. 'इंजेक्शन लागू पडत नाही' असं वाटलं तर लोहाची कमतरता, कुठे चालू असलेला रक्तस्राव, एखादा जंतुसंसर्ग यांचा शोध घ्यावा लागतो. डॉक्टरांना तसं विचारा.

दुसरं, दर वेळी रक्तदाब. तो आवाक्यात नसेल तर इंजेक्शन पुढे ढकललं जाऊ शकतं, आणि त्यावर रुसू नये.

तिसरं, घाई नको. तोफखान्यात पहिला गोळा टाकल्यावर तो कुठे पडला हे टेहळ्याने सांगेपर्यंत दुरुस्ती करत नाहीत. आधीच दुरुस्ती केली तर दुसरा गोळा भलतीकडे जातो. इथे गोळा पडायला आठवडे लागतात. मज्जेत नवी पेशी तयार होऊन रक्तात यायला दिवस लागतात आणि ती मग चार महिने राहते. म्हणून डोस वाढवायचा निर्णय साधारणतः चार आठवड्यांनी घेतात. उलट, दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन 1 ने वाढलं तर तो वेग जास्त आहे, मात्रा कमी करायची वेळ आली. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी आपल्या मनाने दुप्पट घेऊ नये.

चौथं, थंडावा. हे प्रथिन आहे. 2 ते 8 अंशांत ठेवायचं, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलं तर ते फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. बाटली जोरात हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नातेवाइकांनाच इंजेक्शन दुकानातून केंद्रावर न्यावं लागतं. सुभेदार साहेबांच्या सूनबाई थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवतात, तिच्यावर जाड फडकं, आणि त्यावर इंजेक्शन, म्हणजे थंडही राहतं आणि बर्फाला चिकटतही नाही. मला तर ही पद्धत शिकवण्याजोगी वाटते. ज्या दुकानात इंजेक्शन काउंटरवरच्या खोक्यातून काढून देतात तिथून ते घेऊ नका. एकदा वापरायची कुपी असेल तर उरलेलं औषध पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही.

पाचवं, धोक्याच्या खुणा. कधी नव्हे अशी डोकेदुखी, बोलण्यात अडखळणं, तोंड वाकडं होणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, फिट येणं, यांपैकी काही झालं तर उद्याची वाट पाहू नका. फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का हे रोज पाहा. ती थांबली तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. औषध व्यवस्थित घेऊनही हिमोग्लोबिन अचानक कोसळलं तर रबरी बुचाची गोष्ट डॉक्टरांना आठवतेच, आपणही विचारावं. रुग्णाला स्वतःला कर्करोग झालेला असेल तर तेही आधी सांगावं, कारण काही कर्करोगांत या औषधाने आजार बळावल्याचं दिसलं आहे.

आणि एक वही. तारीख, हिमोग्लोबिन, रक्तदाब, मात्रा, ब्रँड, बॅच. सहा रकाने पुरतात.

आता या शोधाला नवी फांदी फुटली आहे. पेशीला प्राणवायू कमी पडल्याचं कळतं कसं, या कामासाठी ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना 2019 चं नोबेल मिळालं. रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांचं काम याच एरिथ्रोपोएटिनच्या जनुकापासून सुरू झालं होतं. त्या ज्ञानावर गोळ्या निघाल्या. भारतातही 2022 साली डेसिडुस्टॅट या गोळीला मान्यता मिळाली. गोळी किडनीच्या चौकीला चुचकारून शरीराकडूनच हुकूम काढून घेते. सोय मोठी आहे. पण गोळी आली म्हणून 'किती पुरे' हा प्रश्न सुटलेला नाही. तिलाही लोह लागतं, तपासण्या लागतात आणि वर कुठे थांबायचं हे ठरवावं लागतं.

बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, जिथे कुठे आपण हे वाचत असाल आणि घरात कुणाला हे इंजेक्शन चालू असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा : आमचं लक्ष्य कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत आहे? उत्तर मिळेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वेळी डोस कमी झाला तर ते पान उघडून बघा, अर्धी काळजी तिथेच मिटेल.

जय हिंद.